पुएब्लाच्या बाजारातली निळी बशी आणि 'चिनी' बाहुली

आज शॉपिंगचा एपिसोड आहे. हो, आपल्याच इतिहासाच्या पॉडकास्टवर. मेक्सिकोत पुएब्ला नावाचं एक जुनं स्पॅनिश वसाहतीतलं शहर आहे, तिथे आपण बाजारहाट करायला जाणार आहोत आणि दोनच वस्तू बघणार आहोत. एक, निळ्या नक्षीची पांढरी बशी. दोन, चमचमत्या घागऱ्यातली बाहुली. दोन्ही गोष्टी तिथल्या जवळजवळ प्रत्येक हस्तकलेच्या दुकानात असतात, आणि दोन्हींच्या मागे एकच समुद्रमार्ग आहे. बाहुलीचा धागा तर थेट हिंदुस्थानात येऊन पोचतो. म्हणून तर मला हा एपिसोड करायचाच होता.

आधी शहर थोडक्यात. पुएब्ला वसवलं 1531 मध्ये, स्पॅनिशांनी. मेक्सिको सिटी ही अझ्टेकांची राजधानी पाडून तिच्यावर उभी राहिली. पुएब्ला मात्र स्पॅनिश लोकांसाठी म्हणून नव्यानं आखलेलं शहर, त्यामुळे रस्ते फूटपट्टी ठेवून काढल्यासारखे सरळ. जागा मोक्याची. अटलांटिककडचं वेराक्रूझ बंदर आणि मेक्सिको सिटी यांच्या मधोमध. युरोपातून आलेला माल इथूनच वर जायचा आणि युरोपला जाणारा माल इथूनच खाली उतरायचा. घरांच्या भिंतींवर लाल विटा आणि रंगीत टाइल्सची नक्षी अशी, की नुसतं बघत चाललं तरी दिवस जातो. 1987 पासून हे जुनं शहर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

या शहरातल्या हस्तकलेच्या बाजाराचं नाव आहे 'एल पारियान'. विटा-टाइल्सचे दर्शनी भाग असलेली छोटी छोटी दुकानं, मधून चालायच्या गल्ल्या. सुरुवातीला इथे कपड्यांचे व्यापारी बसायचे. आता बश्या, बाहुल्या, ओनिक्स दगडाच्या वस्तू, भरतकामाचे ब्लाउज, सगळं.

आता 'पारियान' हा शब्द घ्या. तो मेक्सिकोतला नाही. फिलिपाइन्समधल्या मानिला शहराच्या तटबंदीबाहेर चिनी व्यापाऱ्यांची वस्ती होती, रेशमाचा मोठा बाजार होता, त्याचं नाव पारियान. मेक्सिको सिटीच्या मुख्य चौकातही याच नावाचा बाजार होता. तिथे मानिलाहून आलेला उंची माल विकला जायचा. डिसेंबर 1828 च्या दंगलीत तो लुटला गेला आणि 1843 मध्ये पाडला. तो गेला, पण नाव पुएब्लात राहिलं. म्हणजे तुम्ही 'अस्सल मेक्सिकन' वस्तू घ्यायला ज्या बाजारात शिरता, त्याच्या पाटीवरच आशिया लिहिलेला आहे!

हे कसं झालं? 1565 ते 1815, तब्बल अडीचशे वर्षं, मेक्सिकोतलं आकापुल्को बंदर आणि मानिला यांच्यामध्ये स्पॅनिश जहाजं ये-जा करत होती. मानिला गॅलियन म्हणतात त्यांना. वर्षाला एखाददुसरं जहाज, पण अवाढव्य. जाताना मेक्सिकोची चांदी, येताना चीनचं रेशीम, चिनी मातीची भांडी, मसाले, हिंदुस्थानातलं सुती कापड. आणि माणसं. माणसांकडे आपण नंतर येऊ.

आधी बशी.

या भांड्यांना 'तालावेरा' म्हणतात, स्पेनमधल्या तालावेरा दे ला रेइना या कुंभारकामासाठी प्रसिद्ध असलेल्या गावावरून. स्पॅनिश येण्याआधी मेक्सिकोत उत्तम मातीकाम होतं, पण कुंभाराचं चाक नव्हतं आणि कथलाची पांढरी झिलईही नव्हती. या दोन्ही गोष्टी स्पॅनिश कुंभारांनी आणल्या. स्पेनमध्ये ही विद्या आली अरबांकडून. टाइलला स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये 'आसुलेहो' किंवा 'अझुलेजो' म्हणतात, तो शब्दही मूळ अरबीच. पणजीत फोंतेन्हासच्या गल्ल्यांमधून फिरताना घरांच्या नावाच्या निळ्या टाइल्सचे फोटो तुम्ही काढले असतीलच. तोच शब्द, तीच परंपरा, फक्त दुसऱ्या दिशेनं आलेली.

आणि अरबांकडे ही झिलई कुठून आली? नवव्या शतकात इराकमधल्या कुंभारांपर्यंत चीनची पांढरीशुभ्र भांडी पोचली. तशी माती त्यांच्याकडे नव्हती. मग त्यांनी साध्या मातीच्या भांड्यावर कथील घातलेली पांढरी झिलई चढवली, म्हणजे वरून तरी चिनी दिसावं. त्यावर कोबाल्टची निळी नक्षी काढली. पुढे चिनी कारागिरांनी चौदाव्या शतकात इराणकडचं कोबाल्ट वापरून निळ्या-पांढऱ्या भांड्यांची अशी काही लाट आणली की सगळं जग वेडं झालं. तीच भांडी मानिलावरून पुएब्लाला आली आणि पुएब्लाच्या कुंभारांनी पुन्हा त्यांची नक्कल सुरू केली. पक्षी, कमळं, ढगांच्या वेटोळ्या, सगळं.

म्हणजे चीनची नक्कल इराकनं केली, तिची स्पेननं, तिची पुएब्लानं, आणि मग पुएब्लानं थेट चीनचीही केली. आता सांगा, यातलं 'ओरिजिनल' काय?

आणि हे चोरून वगैरे नव्हतं बरं का. 1653 मध्ये पुएब्लाच्या कुंभारांच्या संघासाठी नियमावली झाली. भांड्यांचे दर्जे ठरले: उंची, साधी आणि पिवळी. उस्ताद व्हायचं तर परीक्षा द्यायची. प्रत्येकानं आपल्या मालावर आपली खूण करायची आणि दुसऱ्याची खूण मारली तर दंड. 1682 मध्ये त्यात भर पडली, की उंची माल चिनी भांड्यांसारखा, भरपूर निळा असावा. थोडक्यात, नक्कल करणं हा नियम होता आणि खोटी सही करणं हा गुन्हा. मला हा फरक फार आवडतो. नक्षी कुणाचीही असो, पण बनवणारा कोण आहे ते लपवू नका.

अर्थात याच नियमावलीत आणखी एक कलम होतं, आणि ते टूरिस्ट ब्रोशरमध्ये नसतं. काळ्या आणि मिश्र वंशाच्या माणसांना उस्तादाच्या परीक्षेला बसू द्यायचं नाही. त्यांनी कारखान्यात माती तुडवावी, भट्टी लावावी. खूण मात्र दुसऱ्याची. संग्रहालयात काचेमागे सतराव्या शतकातलं एखादं देखणं निळं भांडं बघाल, तेव्हा त्याच्यावर जी खूण नाही तिचाही विचार करून बघा.

आता ही बशी बनते कशी, ते सांगते, कारण किंमत ऐकून भुवया वर जातात. दोन प्रकारची माती घेतात, एक काळसर, एक फिकट. ती पाण्यात कालवून, गाळून, मुरवून, मग पायांनी तुडवून एकजीव करतात. चाकावर किंवा साच्यात आकार दिला की सुकायला ठेवतात, आणि हे सुकणं सावकाश होऊ द्यावं लागतं, घाई केली की तडा जातो. पहिली भाजणी. मग झिलईत बुडवायचं. झिलई सुकली की कच्च्या थरावर हातानं रंगकाम. नक्षीची रेघ उमटवायला भोकं पाडलेला कागद ठेवून त्यावर कोळशाची पूड आपटतात. आपल्याकडे रांगोळीचे भोकांचे कागद मिळतात ना, अगदी तसंच! पण नंतरचा कुंचला मात्र हातानंच चालवायचा, आणि झिलई रंग लगेच पिऊन टाकते, त्यामुळे खोडाखोडीला जागाच नाही. मग दुसरी भाजणी. रंग ठरलेले: निळा, पिवळा, काळा, हिरवा, नारिंगी आणि फिकट जांभळा. निळा सगळ्यात मानाचा, कारण कोबाल्ट महाग होतं. भांड्यावर निळा जितका जास्त तितका मालक श्रीमंत, असा सरळ हिशेब.

मेक्सिको 1821 मध्ये स्वतंत्र झाला. त्यानंतर इंग्लंडची छापील नक्षीची स्वस्त भांडी बाजारात आली आणि या धंद्याची दैना झाली. हे तर आपण मँचेस्टरच्या कापडाच्या एपिसोडमध्ये ऐकलंच आहे, वेगळं सांगायला नको. 1897 मध्ये एन्रिके व्हेंतोसा नावाचा कातालान कलाकार पुएब्लाला आला, तेव्हा मोजकेच कारखाने चालू होते. त्यानं जुनी भांडी अभ्यासली, नव्या रचना केल्या आणि स्थानिक कारागिरांबरोबर या कामाला पुन्हा उभं केलं. 1824 मध्ये सुरू झालेला उरियार्ते हा कारखाना आजही चालू आहे. 1995 मध्ये तालावेराला कायद्यानं भौगोलिक संरक्षण मिळालं. आपल्याकडे पैठणीला जीआय टॅग आहे ना, त्याच धर्तीवर. ठरलेल्या भागातल्या, ठरलेल्या पद्धतीनं काम करणाऱ्या, तपासणी झालेल्या कारखान्यांनाच ते नाव वापरता येतं. 2019 मध्ये युनेस्कोनं मेक्सिको आणि स्पेन दोघांची ही कला एकत्रच अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. चारशे वर्षांनी मूळ आणि नक्कल एकाच सर्टिफिकेटवर!

तर तुम्ही पारियानमध्ये उभे आहात. समोर दोन बश्या. एक स्वस्त, एक तिच्या कितीतरी पट महाग. दोघीही निळ्या. काय करायचं?

बशी पालथी करा. खऱ्या तालावेराच्या बुडाला कारखान्याचं नाव असतं, बहुतेक वेळा रंगवणाऱ्याची सही किंवा आद्याक्षरं असतात, आणि प्रमाणित असल्याची खूण असते. 1653 चा तो खुणेचा नियम, दुसरं काय. मग नक्षीवरून बोट फिरवा. निळा रंग थोडा वर आलेला, हाताला जाणवतो. पांढरा हा दुधासारखा, किंचित पिवळट, त्यात बारीक टाचणीएवढी छिद्रं. अगदी आरशासारखा पांढराशुभ्र, गुळगुळीत असेल तर शंका घ्या. बोटानं टिचकी मारली की खणखणीत आवाज यायला हवा. आणि स्वस्तातल्या झिलईदार भांड्यात रोज जेवायचं असेल तर 'सिन प्लोमो', म्हणजे बिनशिशाचं, आहे का ते आधी विचारा. चटणी-लोणचं-चिंचेची आमटी ठेवणारे आपण, आंबट पदार्थाला शिसं सुटतं.

पण स्वस्त बशीला 'नकली' म्हणून नाक मुरडू नका, हे मला आवर्जून सांगायचंय. यातला बराच माल येतो ग्वानाहुआतो राज्यातल्या दोलोरेस इदाल्गो या गावातून. 1810 मध्ये ज्या पाद्र्यानं चर्चची घंटा वाजवून स्पॅनिश सत्तेविरुद्ध बंड पुकारलं, तो मिगेल इदाल्गो याच गावचा पाद्री. बंडाच्या आधी त्यानं गावातल्या लोकांना चार पैसे मिळावेत म्हणून जे उद्योग सुरू केले, त्यात कुंभारकाम होतं. तिथले कारागीर आजही तो धंदा करतात. कायद्यानं त्याला तालावेरा म्हणता येत नाही, 'मायोलिका' म्हणा. दुकानदारानं तसं सांगून विकली तर बशी उत्तम आहे, खुशाल घ्या. 'तालावेरा आहे हो' म्हणून विकली, तर तो तुम्हालाही फसवतोय आणि महिनोन्‌महिने काम करणाऱ्या त्या पुएब्लाच्या कारागिराच्याही पोटावर पाय देतोय.

आता दुसरी वस्तू. बाहुली.

दोन वेण्या, पांढरा भरतकामाचा ब्लाउज, लाल-हिरवा टिकल्याटिकल्यांचा घागरा, खांद्यावर शाल. तिला म्हणतात 'चीना पोब्लाना'. शब्दशः अर्थ, पुएब्लाची चिनी बाई. मेक्सिकोच्या राष्ट्रीय प्रतिमांपैकी ती एक आहे. 1919 मध्ये रशियन बॅले नर्तिका आना पावलोवा मेक्सिकोत आली आणि याच वेशात मेक्सिकन नाच नाचली. दुकानदार तुम्हाला गोष्ट सांगतो, की ही हिंदुस्थानची राजकन्या होती बरं का, जहाजातून इथे आली, तिच्या साडीवरून हा पोशाख निघाला.

यातली बाई खरी आहे. साडी खरी नाही. आणि 'आली' हा शब्द तर अजिबात खरा नाही.

तिचं नाव मिर्रा होतं असं तिचे चरित्रकार लिहितात. जन्म सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा, मुघलांच्या मुलखात, चांगल्या घरात. लहान असतानाच पोर्तुगीज चाच्यांनी तिला पळवलं. कोचीनमध्ये जेझुइट पाद्र्यांनी तिचा बाप्तिस्मा केला आणि नाव ठेवलं काटारिना दे सान हुआन. तिथून मानिला. मानिलाच्या बाजारात तिची विक्री झाली आणि गॅलियनमधून ती आकापुल्कोला पोचली. साधारण 1620 च्या सुमाराची गोष्ट. मेक्सिकोच्या व्हाइसरॉयनं, म्हणजे मार्केस दे हेल्वेसनं, मानिलाहून गुलाम मुली मागवल्या होत्या असं म्हणतात. पण व्यापाऱ्यानं ही मुलगी दिली पुएब्लाच्या कॅप्टन मिगेल दे सोसाला.

इथे एक मिनिट थांबते. 1580 ते 1640 या काळात स्पेन आणि पोर्तुगाल दोघांवर एकच राजा होता. त्यामुळे पोर्तुगीजांच्या हिंदी महासागरातल्या गुलामांच्या व्यापाराला मानिलाचं आणि पुढे मेक्सिकोचं दार उघडलं. आणि हे कुठे दूर कोचीनलाच चालत होतं असं नाही. 1580 च्या दशकात गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्सखोतेन लिहून गेलाय, की तिथल्या मुख्य रस्त्यावर, रुआ दिरैतावर, रोज सकाळी लिलाव भरायचा, आणि त्यात घोडे, जवाहीर, गालिचे यांच्याबरोबर गुलाम पुरुष-बायकाही विकायला असायच्या. आज आपण जुन्या गोव्यात चर्च बघत फिरतो, तोच परिसर.

मेक्सिकोत मानिलाहून आलेल्या प्रत्येकाला 'चीनो' म्हणत. फिलिपिनो असो, बंगाली असो, मलबारी असो, सगळे चीनोच. म्हणून ही मुघल मुलखातली मुलगी झाली 'चीना'. ज्या जहाजानं खरी चिनी भांडी आणली, त्याच जहाजानं ही 'चिनी' मुलगी आणली. आणि पुएब्लाच्या बाजारात दोन्हींची किंमत झाली.

सोसाच्या मृत्यूनंतर तिला स्वातंत्र्य मिळालं. मग ती एका पाद्र्याच्या घरी कामाला राहिली. त्यानं तिचं लग्न लावलं दोमिंगो सुआरेस नावाच्या आपल्या गुलामाशी. तोही 'चीनो'च. तिनं ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं होतं, त्यामुळे संसार असा झालाच नाही. ती गरिबीत राहिली, साधे जाडेभरडे कपडे घालायची, तिला दृष्टांत होतात असं लोक म्हणायला लागले. 5 जानेवारी 1688 ला ती गेली, तेव्हा शहरातल्या बड्या लोकांनी तिच्या अंत्ययात्रेला गर्दी केली. तिचा कबुलीजबाब ऐकणारा पाद्री आलोन्सो रामोस यानं तिचं तीन खंडांचं चरित्र छापलं, 1689 ते 1692 मध्ये. धर्मन्यायालयाला म्हणजे इन्क्विझिशनला ही भक्ती रुचली नाही. 1691 मध्ये तिची चित्रं बाळगायला बंदी आली, 1696 मध्ये ते पुस्तकही बंद.

तिचं सगळं आयुष्य आपल्याला पाद्र्यांनी लिहिलेल्या शब्दांतून कळतं, संतचरित्राच्या मसाल्यासकट. तिच्या आई-वडिलांना ती कधी परत भेटली नाही, एवढं मात्र मसाला काढूनही उरतं. 1672 मध्ये स्पेनच्या राणीच्या दरबारानं 'चीनो' गुलामांना मुक्त करायचा हुकूम काढला. तिला पकडलं त्याला तोवर पन्नास वर्षं उलटली होती.

आणि तो घागरा? तो एकोणिसाव्या शतकातला, साध्या शहरी बायकांचा, जरा ठसकेबाज वेश. तेव्हा 'चीना' या शब्दाचा अर्थही बदलला होता, सामान्य घरातली मिश्र वंशाची बाई एवढाच. 1840 च्या सुमारास स्पेनच्या राजदूताची बायको फॅनी काल्देरोन हिला हा ड्रेस घालून एका बॉलला जायचं होतं. तर मेक्सिकोचे मंत्रीच तिच्या घरी आले समजवायला, बाईसाहेब, हे कपडे घालू नका, या बायका चांगल्या घरातल्या नसतात! पुढे पन्नास-साठ वर्षांत तोच पोशाख राष्ट्राचं प्रतीक झाला, आणि मग त्याला साजेशी गोष्ट हवी म्हणून दोनशे वर्षांपूर्वी वारलेली काटारिना शोधून काढली. राजकन्या, जहाज, साडी. गुलामगिरी सोडून सगळं.

माझं मत विचाराल तर बाहुली जरूर घ्या. बहुतेक वेळा ती एखाद्या बाईनं घरी बसून शिवलेली असते, टिकल्या हातानं लावलेल्या असतात. घासाघीस करताना तेवढं लक्षात ठेवा. फक्त घरी शोकेसमध्ये ठेवाल आणि कुणी विचारेल 'ही कोण?', तेव्हा राजकन्येची गोष्ट सांगू नका. मिर्रा सांगा. कोचीन, मानिला, आकापुल्को, पुएब्ला, या क्रमानं.

पारियानपासून चालत काही मिनिटांवर जेझुइटांचं चर्च आहे, ला कोम्पान्या. तिथे तिला पुरलंय. बाजार दुपारी जरा थंडावतो, तेव्हा जाऊन या.

पुढच्या एपिसोडमध्ये याच गॅलियनवर चढू आणि त्यावरचे खलाशी कोण होते, ते आकापुल्कोत उतरून पळून का जायचे, ते बघू. तोपर्यंत, तुमच्या घरात कुठे जुनी निळी-पांढरी बशी असेल तर पालथी करून बुडाचा फोटो पाठवा. भेटूच.